ज्यांस कोणी विचारलें नाहीं त्यांचें बंधन

मनुष्यानें ज्या करारावर स्वतः सही केली नाहीं तो करार त्यास बांधूं शकतो काय? प्रश्न ऐकावयास वकिली वाटतो. पण खेड्यांतल्या कोणत्याही उंबरठ्यावर तो बसलेला असतो. आजोबांनीं शेजाऱ्यास शेतांतून दिलेली पायवाट नातवानें नांगरूं नये असें आपण म्हणतों. बापाचें देणें मुलानें फेडावें असेंही म्हणतों. आणि त्याच तोंडानें आपण हेंही म्हणतों कीं, मुलीस न विचारतां तिचें लग्न ठरविणें हा अन्याय आहे, व बापानें सावकाराकडे राबण्याचें कबूल केलें म्हणून मुलासही तेथेंच राबविणें हें पाप आहे. म्हणजे न विचारतां गळ्यांत पडलेलीं कांहीं बंधनें आपणांस न्यायाचीं वाटतात व कांहीं अन्यायाचीं. या दोहोंतील फरक कशांत आहे, हें या लेखांत पाहण्याचा आमचा विचार आहे. आणि त्यासाठीं आम्ही सर्वांत मोठा करार पुढें घेतों. तो करार म्हणजे आपल्या देशाची राज्यघटना.

तिचा आरंभ 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांनीं होतो. ती २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं स्वीकारली गेली व २६ जानेवारी १९५० पासून पूर्णपणें अमलांत आली. त्या दिवशीं जे हयात होते त्यांपैकीं आज थोडेच उरले आहेत, आणि जे हयात होते त्यांतही बहुतेकांस कोणीं विचारलें नव्हतें. मग तो 'आम्ही' शब्द उच्चारला कोणीं?

प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून एक गांव डोळ्यांपुढें ठेवूं. पुणें जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यांतील हिंजवडी हें म्हातोबाच्या यात्रेचें व भातशेतीचें गांव. गेल्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें तेथील व आसपासच्या गांवांच्या जमिनींवर माहिती तंत्रज्ञानाची मोठी वसाहत उभारण्यास आरंभ केला. आज देशाच्या कोणत्याही प्रांताची भाषा तेथील रस्त्यावर कानीं पडते. वसाहत हा शब्दही मराठींत मोठा चमत्कारिक आहे. परकीयांनीं ताब्यांत घेतलेला मुलूख तीही वसाहत, आणि कारखान्यांसाठीं आंखून दिलेली जागा तीही वसाहत. दोहोंस एकच नांव मिळालें तें योगायोगानें असेल. परंतु 'येथें वस्ती करणाऱ्यास व येथें पूर्वींपासून असणाऱ्यास कोणीं काय विचारलें' हा प्रश्न दोन्ही ठिकाणीं सारखाच उभा राहतो.

आमच्या तरुण वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल कीं, ज्यास आज आपण सहज एक देश म्हणतों तो त्यांच्या आजोबांच्या तरुणपणीं एका राज्याखालीं नव्हता. हिंजवडी इंग्रजांच्या पुणें जिल्ह्यांत होती. परंतु भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानाचा एक तालुका पवन मावळांत होता, म्हणजे त्याच सह्याद्रीच्या त्याच पावसांत भिजणाऱ्या शेतकऱ्यांपैकीं एक मुंबई सरकारचा रयत व दुसरा सचिवांचा. दक्षिणेस सातारा जिल्हा इंग्रजांचा, त्यास लागून औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशीं संस्थानें, पलीकडे कोल्हापूर, पूर्वेस मराठवाड्यावर निजाम, समुद्राकडे गोव्यांत पोर्तुगीज. एकच मराठी बोलणारे लोक इतक्या धन्यांचे होते. यांपैकीं एकाही धन्याची निवड त्यांनीं केली नव्हती.

असे तुकडे एकत्र येऊन प्रजासत्ताक राज्य होण्याचा जो पहिला मोठा नमुना अर्वाचीन जगापुढें आला तो अमेरिकेचा. तेथील तेरा वसाहतींनीं ४ जुलै १७७६ रोजीं इंग्लंडच्या राजाची सत्ता झुगारल्याचें जाहीर केलें, आणि कारण असें दिलें कीं, राज्यकर्त्यांस न्याय्य अधिकार मिळतो तो ज्यांवर राज्य करावयाचें त्यांच्या संमतीनें. पुढें १७८७ सालीं फिलाडेल्फिया शहरीं त्यांच्या प्रतिनिधींनीं घटना लिहिली. ती लिहिल्यानें पुरी झाली नाहीं. ती प्रत्येक राज्यांतील लोकांच्या खास सभेपुढें ठेवण्यांत आली व तेरांपैकीं नऊ राज्यांनीं मान्य केल्यावर ती लागू व्हावी असें ठरलें. न्यूयॉर्कच्या सभेंत ३० मतें बाजूनें व २७ विरुद्ध पडलीं. ऱ्होड आयलंड तर १७९० पर्यंत हटून बसलें, व शेवटीं ३४ विरुद्ध ३२ अशा मतांनीं आंत आलें. ही पद्धत मोठी सुंदर आहे. मात्र त्या सभांतून कोण बसले होते तें पाहिलें म्हणजे सौंदर्य उतरूं लागतें. स्त्रियांस मत नव्हतें. गुलामांस तर नव्हतेंच. उलट प्रतिनिधींची संख्या ठरवितांना दर पांच गुलाम म्हणजे तीन माणसें असें मोजून त्यांच्या मालकांच्या राज्यांचें बळ वाढविण्यांत आलें. ज्याचें तोंड बांधलें आहे त्याचें डोकें मात्र मोजावयाचें, हा हिशेब संमतीची घोषणा करणाऱ्यांनींच घातला. गुलामगिरी घटनादुरुस्तीनें बंद झाली ती १८६५ सालीं, चार वर्षें भावाभावांत रक्त सांडून.

पुण्यास बसून हें सारें लक्षपूर्वक पाहणारा एक मनुष्य होता. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं प्रसिद्ध केलेलें आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील त्या सज्जनांस अर्पण केलें, ज्यांनीं निग्रो लोकांस दास्यांतून सोडविण्यासाठीं स्वार्थत्याग केला होता. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, जोतीरावांनीं तें पुस्तक तेथील घटना लिहिणाऱ्यांस अर्पण केलें नाहीं. ती घटना ज्यांनीं नंतर दुरुस्त करविली त्यांस केलें. आमच्या मतें आजच्या प्रश्नाच्या उत्तराचें बीज या निवडींत आहे; पण तेथपर्यंत पोंचण्यापूर्वीं आपल्या घरची हकीकत पाहिली पाहिजे.

आपली घटनासमिती ९ डिसेंबर १९४६ रोजीं दिल्लीस प्रथम भरली. तिचे सभासद लोकांनीं सरळ निवडले नव्हते. प्रांतांच्या कायदेमंडळांनीं ते निवडले, आणि तीं कायदेमंडळें निवडण्याचा अधिकार ज्यांपाशीं कांहीं जमीन, कर किंवा शिक्षण होतें त्यांनाच होता. मावळांतील कुळास, गड्यास, मोलकरणीस, कातकऱ्यास तो नव्हता. संस्थानांच्या प्रतिनिधींपैकीं कांहीं तर राजांनींच नेमलेले होते. घटनेचा मसुदा ज्यांच्या नांवाशीं कायमचा जोडला गेला त्या डॉ. भीमराव आंबेडकरांस मुंबई प्रांतानें १९४६ सालीं निवडूनच दिलें नव्हतें. ते बंगालांतून आले, फाळणीनें ती जागा गेली, आणि मग १९४७ च्या जुलैंत मुंबईतर्फे त्यांची निवड झाली. पुण्याचे काकासाहेब गाडगीळ व केशवराव जेधे हेही त्या समितींत होते.

ही उणीव त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आली नाहीं असें नाहीं. नोव्हेंबर १९४८ मध्यें मसुद्याच्या चर्चेस आरंभ होतांच संयुक्त प्रांताचे दामोदर स्वरूप सेठ यांनीं अशी सूचना मांडली कीं, ही सभा देशांतील थोड्याच लोकांची प्रतिनिधि आहे, तरी प्रौढ मतदानानें नवी सभा निवडली जाईपर्यंत हें काम थांबवावें. सूचना फेटाळली गेली. आम्हांस वाटतें कीं, सेठजींचें म्हणणें तर्कास धरून होतें, आणि तें फेटाळणेंही योग्यच होतें. फाळणीच्या जखमा वाहात असतां, लक्षावधि निर्वासित तंबूंत असतां, हैदराबादचा प्रश्न नुकताच १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मिटला असतां, आणखी दोन वर्षें बिनघटनेचा देश चालविणें हें जोखमीचें होतें. आग लागलेल्या घरांत सर्वांची अनुमति घेऊन मग पाणी ओतूं असें कोणी म्हणत नाहीं. परंतु आग विझल्यावर, पाणी ओतणारा घराचा मालक होत नाहीं, हेंही तितकेंच खरें. समितीनें या दुसऱ्या गोष्टीचें भान ठेवलें. स्वतः थोड्यांच्या मतांनीं निवडलेल्या त्या सभेनें एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषास मत देऊन टाकलें. इस्टेट पाहिली नाहीं, अक्षरओळख पाहिली नाहीं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकींत सतरा कोटींहून अधिक मतदारांचीं नांवें नोंदविलीं गेलीं. त्याच वेळीं सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें यादींतून गाळावीं लागलीं, कारण त्यांनीं स्वतःचें नांव न सांगतां अमक्याची आई किंवा तमक्याची बायको एवढेंच सांगितलें. ज्यांस आजवर कोणी विचारलेंच नाहीं त्यांस एकदम नांव विचारलें तर तोंडून नांव निघत नाहीं, याहून दुसरा पुरावा काय पाहिजे?

आमच्या वाचकांच्या वाडवडिलांचाही येथें संबंध येतो. ख्रिस्ती समाजास इंग्रजी अमलांत कायदेमंडळांत निराळ्या जागा होत्या. घटनासमितींतील अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष व खुद्द घटनासमितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्र कुमार मुखर्जी हे बंगालचे ख्रिस्ती गृहस्थ. धर्मावर आधारलेल्या राखीव जागा सोडून द्याव्या या निर्णयास १९४९ सालीं त्यांनीं मनापासून पाठिंबा दिला, व त्या जागा गेल्या. आम्हांस हा निर्णय शहाणपणाचा वाटतो; वेगळ्या दारानें सभेंत जाणारा मनुष्य सभेंतही वेगळाच बसतो. तथापि अहमदनगर जिल्ह्यांतील एखाद्या खेड्यांतल्या विश्वासणाऱ्या विधवेस, बाई, तुझ्या वांट्याची जागा आम्ही सोडीत आहोंत, चालेल ना, असें विचारण्यास कोणी गेलें नाहीं. चांगला निर्णयदेखील न विचारतां होऊं शकतो. चांगलेपणा व संमति या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि एकीनें दुसरीची जागा भरून निघते असें समजण्याची चूक आपले सुधारक व आपले पुढारी वारंवार करीत आले आहेत.

याच कारणासाठीं औंधची गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. औंध हें बहात्तर खेड्यांचें संस्थान, तेंही एकसंध नव्हे. सातारा, सोलापूर व विजापूर या जिल्ह्यांत विखुरलेलें. सूर्यनमस्कारांसाठीं व चित्रकलेसाठीं प्रसिद्ध असलेले तेथील राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सत्तरीच्या वयांत १९३८ सालीं राज्याचा अधिकार प्रजेस देण्याचें जाहीर केलें. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन नांवाचे एक पोलिश इंजिनियर हे या कामांत पुढें होते. ते गांधीजींकडे गेले, त्यांच्या सल्ल्यानें घटना तयार झाली, आणि २१ जानेवारी १९३९ रोजीं ती लागू करण्यांत आली. गांवच्या प्रौढांनीं आपले पंच निवडावे, पंचांमधून तालुक्याचा कारभार उभा राहावा, आणि तालुक्यांतून राज्याची सभा, असा तो बेत होता. देश प्रजासत्ताक होण्याच्या अकरा वर्षें आधीं ओबडधोबड खडकाळ मुलखांत हा प्रयोग झाला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें बिनभिंतींचा तुरुंग वसविण्यांत आला तोही याच सुमारास, याच राज्यांत. त्यावरून पुढें 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला, हें पुष्कळांस माहीत असेल.

पण येथें एक कोडें आहे. औंधच्या रयतेनें हें स्वराज्य लढून घेतलें नव्हतें. तें तिला देण्यांत आलें. दिलेलें स्वातंत्र्य हें स्वातंत्र्य म्हणावयाचें कीं बक्षीस? कोणी म्हणेल, धन्याच्या मर्जीनें मिळालें तें धन्याच्या मर्जीनें जाईल. आमचें मत तसें नाहीं. देणारा देऊन झाल्यावर स्वतःचा हात बांधून घेतो कीं नाहीं, ही खरी कसोटी. औंधच्या राजांनीं आपल्या खाजगी खर्चालासुद्धां मर्यादा घालून घेतली. जो देणगी देतो व तिच्यावर हक्कही ठेवतो तो दाता नव्हे, सावकार होय.

त्या घटनेचा शेवट मात्र विचार करावयास लावणारा आहे. १९४८ सालच्या फेब्रुवारींत दक्षिणेंतील संस्थानिकांनीं विलीनीकरणाच्या करारांवर सह्या केल्या, व मार्चमध्यें तीं संस्थानें मुंबई प्रांतांत गेलीं; कोल्हापूर १९४९ च्या मार्चमध्यें गेलें. करारांवर सह्या राजांच्या होत्या. भोरमध्यें जशी राजाची, तशी औंधमध्येंही राजाचीच, जरी तेथें नऊ वर्षें पंचांचें राज्य चाललें होतें. मोठ्या प्रजासत्ताकानें लहान प्रजासत्ताक पोटांत घेतलें तें जुन्या पद्धतीनें, धन्याच्या सहीनें. कोणी यास अन्याय म्हणत नाहीं, आम्हीही म्हणत नाहीं. एकटें औंध नकाशावर कसें टिकलें असतें, हें सांगणें कठीण आहे. परंतु तुकडे जोडतांना शिवण कोठें उसवली होती, हें दाखविणें लेखकाचें काम आहे.

औंधच्याच मुलखांतील कुंडल या गांवाच्या आसपास दुसरें एक राज्य उभें राहिलें होतें. त्यास कोणाची सनद नव्हती, धन्याची नाहीं आणि कायद्याचीही नाहीं. १९४३ पासून १९४६ पर्यंत सातारा जिल्ह्यांत नाना पाटलांच्या नेतृत्वाखालीं प्रतिसरकार चाललें. त्यानें गांवोगांवीं न्यायदान केलें, सावकारांस व गुंडांस वचक बसविला, बिनहुंड्याचीं व कमी खर्चाचीं लग्नें लावलीं. लोक त्याच्यामागें होते, ही त्याची संमति. परंतु तळपायांवर काठीचे तडाखे देण्याच्या त्याच्या शिक्षेवरूनच त्यास पत्री सरकार हें नांव पडलें, आणि जो मनुष्य त्या चावडीपुढें चुकून आरोपी म्हणून उभा राहिला असेल त्यास दाद मागण्यास वरची जागा कोणती होती? गांवानें एकमुखानें 'होय' म्हटलें तरी एका माणसास तें 'होय' चिरडूं शकतें. लेखी घटनेची गरज कां पडते तें येथें दिसतें. ती बहुतांची संमति नोंदविण्यासाठीं जितकी असते तितकीच एकट्याच्या असंमतीस आसरा देण्यासाठीं असते.

आतां उलट बाजूचें उदाहरण. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजीं पोर्तुगीजांपासून मुक्त झाला. तो खरोखर वसाहतच होता, आणि साडेचारशें वर्षांची. त्यानें महाराष्ट्रांत जावें कीं केंद्राच्या अमलाखालीं निराळें राहावें, यावर मोठा वाद झाला. अखेर १६ जानेवारी १९६७ रोजीं लोकांस सरळ विचारण्यांत आलें. फूल या चिन्हावर मत म्हणजे विलीनीकरण, दोन पानांवर मत म्हणजे वेगळेपण. पानें सुमारें चौतीस हजार मतांनीं जिंकलीं. महाराष्ट्रांत व गोव्यांतही अनेक मराठी मनांस त्याचें दुःख झालें. परंतु ज्यांस विचारलें गेलें व जे हरले, त्यांचें दुःख निराळ्या जातीचें असतें. तो पराभव असतो, अपमान नसतो. न्यूयॉर्कच्या त्या सत्तावीस जणांचें असेंच. विचारल्यावर हरलेला मनुष्य घरीं जाऊन पुढच्या वेळची तयारी करतो. न विचारलेला मनुष्य घरीं जाऊन दार लावून घेतो. १९५६ च्या प्रांतरचनेंत बेळगांव व त्याच्या भोंवतालच्या गांवांस असें विचारण्यांत आलें नाहीं, आणि तेथील तंटा आजवर मिटलेला नाहीं.

कोणी म्हणेल, ठीक आहे. मग ज्यास विचारलें नाहीं त्याच्यावर घटनेचें कांहींच बंधन नाहीं असें तुम्ही म्हणतां काय? आम्ही तसें म्हणत नाहीं. गांवची विहीर पणज्यांनीं खणली. आपण खणली नाहीं, खणावी कीं नाहीं असें आपणांस कोणी विचारलें नाहीं. तरी तिचें पाणी रोज भरणाऱ्यानें तिच्यांत घाण टाकूं नये व गाळ काढावयाच्या दिवशीं दोरीस हात लावावा, हें बंधन त्याच्यावर आहेच. तें पाण्यांतून येतें, सहींतून येत नाहीं. परंतु हा न्याय पुरता बोलावयाचा तर त्याचें दुसरें अंगही बोलले पाहिजे. ज्यास त्या विहिरीवर चढूंच दिलें नाहीं, त्यानें गाळ काढण्यास यावें असें कोणत्या तोंडानें सांगावें? महाडच्या चवदार तळ्याची हकीकत हीच आहे. मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं ठराव करून सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे केले होते, महाडच्या नगरपालिकेनेंही तसा ठराव केला होता. कागद मोकळा होता, पाणी बंद होतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं आपल्या लोकांसह तें पाणी हातीं घेतलें तेव्हां त्या लोकांस मारहाण झाली. त्याच वर्षीं डिसेंबरच्या २५ तारखेस त्याच महाडांत मनुस्मृति जाळण्यांत आली. तो ग्रंथही न विचारतां लादलेला करारच होता. त्याच्यांत व राज्यघटनेंत फरक कोणता? दोहोंवरही आपली सही नाहीं. फरक इतकाच कीं, एक म्हणतो, मी बदलणार नाहीं. दुसरी म्हणते, मला बदलावयाचें असेल तर असें बदला.

हा फरक लहान नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं घटना मंजूर होण्याच्या आदल्या दिवशीं, २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं, जें भाषण केलें त्यांत अमेरिकेच्या जेफरसन या पुढाऱ्याचा दाखला देऊन सांगितलें कीं, प्रत्येक पिढी हें एक निराळें राष्ट्रच मानलें पाहिजे. तिला स्वतःस बांधून घेण्याचा अधिकार आहे, पुढच्या पिढीस बांधण्याचा नाहीं. म्हणूनच घटनासमितीनें आपल्या कामावर अखेरचा शिक्का मारला नाहीं व दुरुस्तीचा मार्ग सोपा ठेवला, असें त्यांचें म्हणणें होतें. घटना हा आपल्या दृष्टीनें असा कागद आहे कीं ज्यावर सही करण्याची जागा अजून रिकामी ठेवली आहे. जो दुरुस्तीची मागणी करूं शकतो, सभा भरवूं शकतो, न्यायालयांत जाऊं शकतो, मत देऊन सरकार घालवूं शकतो, आणि तरीही त्या घटनेखालीं राहतो, त्याचें राहणें म्हणजे सही करणें होय. ज्यास यांपैकीं एकही गोष्ट भीतीमुळें, दारिद्र्यामुळें किंवा जातीमुळें करतां येत नाहीं, त्याचें राहणें म्हणजे केवळ राहणें होय. त्यास आपण संमति म्हणूं नये.

सोप्या दुरुस्तीला दुसरी धारही असते, हें मात्र विसरतां येत नाहीं. आणीबाणींत, १९७६ सालीं, विरोधी पक्षाचे अनेक सभासद तुरुंगांत असतांना घटनेंत फार मोठे फेरफार करण्यांत आले. 'आम्ही'मधले पुष्कळ आम्ही तेव्हां गजाआड होते. मार्च १९७७ मध्यें मतदारांनीं तें सरकार खालीं आणलें व १९७८ च्या दुरुस्तीनें त्यांतील पुष्कळ भाग उलटविला गेला. निरक्षर खेडुतांस घटना कळत नाहीं असें म्हणणाऱ्यांस या दोन वर्षांचा इतिहास पुरेसा आहे.

हें सर्व दिल्लीचें झालें. पण संमतीचा प्रश्न मुळशींत जितका जमिनीच्या रूपानें आला तितका कोठेंही आला नसेल. टाटा कंपनीच्या वीजनिर्मितीसाठीं मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्यास मुळशी पेट्याच्या मावळ्यांनीं १६ एप्रिल १९२१ रोजीं सत्याग्रहानें विरोध सुरू केला. सेनापति बापट, विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. १९२४ पर्यंत तो चालला, आणि धरण झालें. सरकारनें १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्यानें जमिनी घेऊन कंपनीस दिल्या. त्या कायद्यांत भरपाईची तरतूद होती, होकाराची नव्हती. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. पुष्कळ जमिनींवर शहरांतील सावकारांचे हक्क होते, व सावकारांपैकीं अनेकांस भरपाई घेऊन मोकळें होणें बरें वाटत होतें. ज्याचा नांगर त्या मातींत होता त्याचें म्हणणें वेगळें होतें. म्हणजे 'गांवास विचारलें' असें कोणी म्हटलें तरी गांवांतील कोणास, हा प्रश्न उरतोच.

इंग्रज गेले, घटना आली, तरी १८९४ चा तो कायदा १ जानेवारी २०१४ पर्यंत जागचा हलला नाहीं. त्यानंतरच्या नव्या कायद्यानें खासगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकीं ८० टक्के, व सरकार आणि कंपनी यांच्या भागीदारीच्या कामासाठीं ७० टक्के कुटुंबांची संमति आवश्यक केली. निव्वळ सरकारी कामासाठीं तशी अट नाहीं. हिंजवडीच्या वसाहतीचा आरंभ झाला तो याच्या पुष्कळ आधीं. १९६१ च्या औद्योगिक विकासाच्या कायद्याखालीं शेतकऱ्यास नोटीस येते, म्हणणें मांडतां येतें, पैसे मिळतात. 'नाहीं' म्हणण्याचा हक्क त्यांत नाहीं. पैसा हातीं राहिला कीं गेला, हा ज्या त्या घरचा इतिहास. आम्ही वसाहतीच्या विरुद्ध नाहीं. त्याच रस्त्यानें आमच्याही मंडळ्यांतील मुलें-मुली कामास जातात, त्यांच्या पगारावर गांवाकडचीं घरें उभीं राहतात. आमचें म्हणणें एवढेंच कीं, फायदा झाला म्हणजे विचारल्यासारखेंच झालें, हा तोच जुना वसाहतवाल्यांचा युक्तिवाद आहे. इंग्रजही आगगाडी दाखवून तेंच म्हणत असत.

आणि आज हिंजवडीस न विचारले गेलेले कोण आहेत? केवळ जुने शेतकरी नव्हेत. भाड्याच्या खोलींत राहणारा परप्रांतींचा तरुण, त्याच्या सोसायटीचा पहारेकरी, इमारतीच्या पायथ्याशीं पत्र्याच्या खोपटांत राहणारें बांधकामावरचें कुटुंब. यांपैकीं पुष्कळांचें मत दूरच्या गांवीं नोंदलेलें असतें. ग्रामसभा म्हणजे गांवच्या मतदार यादींत ज्यांचीं नांवें आहेत त्यांची सभा, असा कायदा आहे. म्हणून ज्या रस्त्यांवरून ते रोज जातात, जें पाणी ते पितात, जो कचरा त्यांच्या दारांत सांचतो, त्याबद्दलच्या गांवच्या सभेंत त्यांस जागा नाहीं. कांहीं जण म्हणतील, त्यांनीं येथें नांव नोंदवावें. बरोबर आहे, नोंदवावें; जो नोंदवूं शकतो व आळसानें नोंदवीत नाहीं त्याची तक्रार आम्ही ऐकणार नाहीं. पण डोंगराच्या बाजूस परक्या जमिनीवर खोपट घालून राहणाऱ्या कातकऱ्यास, ज्याच्यापाशीं पत्त्याचा कागदच नाहीं, आपण हेंच उत्तर देणार काय?

डॉ. आंबेडकरांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं खेड्यांबद्दल फार कडक शब्द वापरले. खेडें म्हणजे संकुचितपणाचें व अज्ञानाचें घर, असा त्यांचा आशय होता, आणि मसुद्यांत गांवपंचायतीस जागा नव्हती. गांधीजींच्या अनुयायांनीं आग्रह धरला, व चाळिसावें कलम घालून राज्यांनीं पंचायती स्थापाव्या असें सांगण्यांत आलें. पुढें १९९२ च्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनें, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आली, पंचायत व ग्रामसभा यांस घटनेचाच आधार मिळाला, आणि स्त्रियांसाठीं व दलितांसाठीं जागा राखल्या गेल्या. दोघांपैकीं कोण बरोबर होते? आम्हांस वाटतें, खेड्याविषयीं आंबेडकर बरोबर होते आणि उपायाविषयीं त्यांचे विरोधक. जेथें न विचारण्याची संवय सर्वांत जुनी आहे, तेथेंच विचारण्याचें बंधन घातलें पाहिजे.

महाराष्ट्रांत वर्षांतून निदान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत. त्यांपैकीं एक बहुधा २६ जानेवारीस होते. तिच्या आधीं स्त्रियांची निराळी सभा घ्यावी असाही नियम आहे. सभेस मतदारांपैकीं पंधरा टक्के किंवा शंभर जण, यांपैकीं जी संख्या कमी असेल तितके हजर असावे लागतात. तितके नसले तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हां भरली म्हणजे तिला कोणत्याही संख्येची अट नसते. तेथें सातआठ जण सतरंजीवर बसतात, ग्रामपंचायत अधिकारी वही उघडतो, ठराव वाचला जातो, आणि गांवानें एकमतानें मंजूर केल्याची नोंद खालीं होते.